जामखेडची लय

मी एक जुना डबा आहे. डबा म्हटल्याबरोबर तुमच्यापैकी कुणाच्या तोंडाला पाणी सुटलं असेल, तर मित्रांनो, ते गिळून टाका. माझ्यात चिवडा नाही. माझ्या पोटातून रंगीबेरंगी तारांचा झुबका निघतो आणि प्रत्येक तारेच्या टोकाला एक इवलीशी वाटी असते. त्या वाट्या माणसाच्या डोक्याला पेस्ट लावून चिकटवल्या, की आत काय चाललंय ते मला ऐकू येतं.

घाबरू नका. कुणी कुणाची पेन्सिल ढापली ते मला कळत नाही. मेंदूचं काम विजेवर चालतं, पण ती वीज इतकी बारीक की तिच्यावर मुंगीच्या घरातला दिवासुद्धा लागायचा नाही. ती कुरबुर मी ऐकतो, मोठी करतो आणि पडद्यावर तिच्या लाटा काढतो. डॉक्टर या तपासणीला ईईजी म्हणतात. जामखेडात तिला ‘डोक्याची पट्टी’ म्हणतात आणि मला ‘डोक्याचा डबा’.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथून निघण्याआधी माझी परीक्षा घेतली, ती एका कलिंगडावर. खरंच! माणूस बसवून ठेवण्यापेक्षा कलिंगड बरं. ते हलत नाही आणि चहा प्यायला बाहेर जात नाही. कलिंगडाच्या डोक्यात काहीच नसतं, म्हणून रेघ सरळ आली पाहिजे. आली. मी पास झालो. मग कामगारांनी ते कापायला सुरी आणली, आणि मी शपथेवर सांगतो, सुरी दिसताच त्या सरळ रेघेत एक बारीक लाट उठली. कुणी पाहिली नाही. सगळ्यांचं लक्ष फोडींकडे होतं. पण त्या दिवसापासून मला एक खोड लागली. ज्याच्या त्याच्या डोक्यात काय चाललंय हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझी पहिली नोकरी राहात्याला. तिथे एका पेरूच्या व्यापाऱ्याला माझ्या तारा लावल्या. त्याला झोप लागली तेव्हा अशा गोल गोल लाटा आल्या, की डॉक्टरांनी त्याला उठल्यावर विचारलं, “स्वप्नात पेरू मोजत होता काय हो?” तो म्हणाला, “न्हाई साहेब, सडके बाजूला काढीत हुतो.” मग मी काही दिवस जीपमध्ये बसून शिबिरांना हिंडलो. डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं बाजाराच्या दिवशी राजूरला उतरायची, म्हणून आमचं शिबिरही त्याच दिवशी. तिथे करण नावाचा एक मुलगा आला होता. बोलता बोलता तो मध्येच थांबायचा. डोळे उघडे, हात तसाच वर. आणि परत आला की विचारायचा, “काय झालं?” गुरुजी म्हणायचे, लक्ष नसतं याचं. त्याची आई राहीबाई म्हणायची, “त्यो जातो कुटंतरी आन् येतो माघारी.” त्याचा आलेख काही नीट आला नाही. आईने थोपटून निजवलं, तरी फार हलला होता. परत या म्हणून सांगितलं, पण डोंगर उतरून परत कोण येतंय? मला मात्र तो मुलगा आठवत राहिला. कुठे जात असेल तो?

पुढे मी जामखेडला आलो, एका धर्मादाय दवाखान्यात. पुढची माझी सगळी वर्षं त्याच खोलीत गेली. एक पलंग, एक स्टूल, एक खिडकी. डॉक्टर होत्या पंकजा मॅडम. आणि माझ्या तारा लावायचं काम होतं चांदभाईंचं. चांदभाई उंच, दाढी पांढरी, खांद्यावर कायम गुलाबी टॉवेल. त्यांचं पहिलं भांडण रोज तेलाशी व्हायचं.

“ताई, तेल लावून आनलं ना पोराला? सांगितलं हुतं ना, डोकं धुऊन आना, वाटी चिकटत न्हाई म्हनून!”

“अवं भाई, तालुक्याला यायचं म्हंजी पोराचा भांग नको का पाडायला?”

एवढं झालं, की चांदभाई शॅम्पूची पुडी काढायचे आणि पोराला नळाखाली धरायचे.

दुसरं भांडण झोपेशी. ही पट्टी झोपेत काढली तर जास्त कळतं. म्हणून पोराला आदल्या रात्री जागवायचं आणि खोलीत आणून झोपवायचं. काही ठिकाणी झोपेचं गोड औषध पाजतात. चांदभाईंना ते पटायचं नाही. “ताई, पोरगं तुमचं हाय. बसा शेजारी आन् थोपटा. लगेच झोपंल,” असं ते प्रत्येक आईला सांगायचे. आणि आई थोपटायची. थाप, थाप, थाप.

आता गंमत ऐका. आईच्या प्रत्येक थापेबरोबर पोराची पाठ हलते, पाठीबरोबर मान, मानेबरोबर माझ्या वाट्या. वाटी हलली की पडद्यावर लाट उठते. थाप, लाट. थाप, लाट. ही लाट मेंदूची नव्हे, आईच्या हाताची. मला ते माहीत होतं, पण सांगणार कसं? मला तोंड नव्हतं. मग आता कसा बोलतोस, असं विचारू नका. गोष्टीत तसं विचारायचं नसतं.

पंकजा मॅडम घाईत असायच्या. ओपीडीत रांग असायची, आलेख त्या संध्याकाळी बघायच्या आणि अशा लाटा दिसल्या की ‘पोर हललं असेल’ म्हणून पुढे जायच्या. बरीच वर्षं सगळं बरं चाललं होतं.

मग मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेने एक योजना काढली. गावोगावच्या डब्यांनी टिपलेल्या नव्या-जुन्या लाटा एका ठिकाणी गोळा करायच्या. पाच-पन्नास नव्हे, लाखो डोक्यांच्या. आणि त्या एका बलाढ्य संगणकाला दाखवायच्या. तुम्ही म्हणाल, कशाला? गुरांच्या बाजारात गेला आहात कधी? तिथला जुना दलाल बैलाच्या चालीकडे एकदा बघतो आणि सांगतो, याचा मागचा पाय दुखतोय. त्यात जादू नसते. त्याने जन्मभर बैलच बघितलेले असतात. एक डॉक्टर आयुष्यात जितकी डोकी बघेल, तितकी हा संगणक एका दुपारी बघतो. जामखेडसारख्या ठिकाणी मेंदूचा मोठा डॉक्टर कुठून आणायचा? पण त्या लाखांच्या अनुभवाला तारेवरून विचारता येतं. कल्पना झकास होती. आजही आहे.

लाटा पाठवण्याआधी आईबापांची परवानगी घ्यायची आणि पोराचं नाव काढून नुसता नंबर लावायचा, असा नियम होता. चांगलाच नियम. कुणाच्या डोक्यातलं त्याच्या नावासकट गावभर का फिरावं? पण झालं असं, की नावाबरोबर ती खोलीही निघून गेली. संगणकाला लाटा दिसायच्या. पलंग दिसायचा नाही.

खोली दिसावी म्हणून संस्थेने एक कॅमेराही दिला होता. तो पलंगासमोर भिंतीवर बसवला. पण कॅमेरा बघितला की आया पदर सारखा करून ताठ बसायच्या, लग्नातल्या फोटोला बसल्यासारख्या. तान्ह्याला पाजायला घ्यायची पंचाईत. ताठ बसलेल्या आईजवळ पोरगं झोपतं होय? शेवटी चांदभाईंनी खांद्यावरचा गुलाबी टॉवेल काढला आणि कॅमेऱ्यावर टाकला. “आपल्याकडं बाया बसल्यात म्हटल्यावर आपन मान खाली घालतो. त्यानं बी घालावी,” ते म्हणाले. मॅडमनाही पटलं. मलाही पटलं. कुणाला नाही पटणार? संस्थेकडे चित्राऐवजी गुलाबी अंधार जाऊ लागला. तिथे कुणीतरी नोंद केली: कॅमेरा नादुरुस्त.

आणि एके दिवशी संस्थेतून गहिनीनाथ नावाचे संशोधक येऊन थडकले. मूळचे पाथर्डीकडचे, शिकून संगणकवाले झालेले. पाठीला बॅग, नाकावरून घसरणारा चष्मा. दारातूनच बोलायला लागले.

“मॅडम, तुमच्याकडच्या मुलांच्या डोक्यात एक लय आहे. लाखो आलेखांत इतकी स्वच्छ कुठूनच येत नाही. आम्ही तिला जामखेडची लय म्हणतो!”

“मोठ्यांत आहे?” मॅडमनी विचारलं.

“मोठ्यांत नाही. फक्त मुलांत. आणि नवल म्हणजे झोप लागताना येते आणि गाढ झोप लागली की जाते!”

मी आतल्या आत ओरडत होतो, अरे बाबा, पोरगं गाढ झोपलं की आई हात काढून घेते! पण माझा आवाज कुठे जाणार? फार तर एखादा दिवा लुकलुकला असेल.

“तुमच्या पाण्यात काही असेल का?” गहिनीनाथ चांदभाईंकडे वळले.

“साहेब, आमच्याकडं आधी पानी तर येऊ द्या,” चांदभाई म्हणाले. “मग त्याच्यात काय हाय ते बगू.”

तरी गहिनीनाथांनी पाण्याच्या बाटल्या भरल्या. ज्वारी घेतली, हुलगे घेतले, चिंचेचा पाला घेतला. चांदभाईंच्या डब्यातली अर्धी भाकरीसुद्धा पिशवीत घालून नमुना म्हणून नेली. चांदभाई दुपारभर उरलेल्या अर्ध्या भाकरीकडे संशयाने बघत बसले. मी मात्र त्या माणसाच्या प्रेमात पडलो होतो. मला जी खोड, तीच त्याला. काय चाललंय आत? का चाललंय?

हसण्यासारखं होतं सगळं. पण संगणकाला हसू येत नाही. अनोळखी काही दिसलं, की तो त्याला आपल्या ओळखीच्या जवळात जवळच्या गोष्टीशेजारी नेऊन बसवतो. आणि एका ठेक्यात उठणाऱ्या लाटांशेजारी ठेवायला त्याच्याकडे एकच गोष्ट होती. फेफरं. फिट.

आता सुमैराची गोष्ट.

सुमैरा जामखेडजवळच्या एका वस्तीवरची. काडीसारखी पोरगी, पण खो-खोमध्ये तिला धरणं म्हणजे पाल धरणं. एप्रिलमधल्या सामन्याच्या दिवशी ती आनंदाच्या भरात काही न खाताच पळाली. टळटळीत ऊन. खेळता खेळता मैदानात कोसळली आणि पडल्या पडल्या तिचे हात जरा झटकले. झालं! “फिट आली, फिट आली!” कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल हुंगवली. बिचारी शुद्धीवर आली ती बहुतेक त्या चपलेमुळेच.

तिची आई जहिरा तिला घेऊन आमच्याकडे आली. पंकजा मॅडमनी सगळं विचारलं आणि म्हणाल्या, “उन्हाची चक्कर वाटते. पण एकदा पट्टी काढून खात्री करू.” सुमैरा पलंगावर आडवी झाली. चांदभाईंनी वाट्या चिकटवल्या. जहिरा शेजारी बसली. थाप, थाप, थाप.

संगणकाची उत्तरं दवाखान्यात यायला नुकतीच सुरुवात झाली होती. लाटा शहरात गेल्या आणि उत्तर लाल अक्षरांत आलं. झटक्यांच्या आजाराची दाट शक्यता.

मॅडमनी ते जहिराला वाचून दाखवलं.

“म्हंजी माझ्या पोरीला मिरगी हाय?” जहिराने विचारलं.

“आत्ताच तसं नाही म्हणत मी. शाळा उघडायच्या आधी परत पट्टी काढू. गोळ्या आत्ता नकोत. पण तोवर काळजी घ्यायची. विहिरीत पोहायला सोडायचं नाही. चुलीपाशी एकटी नको. आणि सायकल बंद.”

तोपर्यंत केसांतली पेस्ट उकरत बसलेली सुमैरा एकदम ताठ झाली. “सायकल बंद म्हंजी शाळा पन बंद का?”

मित्रांनो, तिचं बरोबर होतं. वस्तीवरची शाळा चौथीपर्यंत. पाचवी जामखेडात. एसटी वस्तीपर्यंत येत नाही. तिचा बाप अझहर टेम्पो चालवायचा आणि कांदा भरायला उजाडायच्या आतच निघून जायचा. म्हणून तर तिच्या मामाने तिला सायकल घेऊन दिली होती. निळी, पुढे जाळीची टोपली असलेली. सायकल नाही तर पाचवी नाही.

“आन् लोकं काय म्हनतील मॅडम? मिरगीवाली पोर म्हनून नाव पडलं तर पुसाया येतंय का ते?” जहिरा एवढंच म्हणाली. जाताना सुमैराने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्याबद्दल काहीतरी खोटंनाटं सांगितलंय. आणि खरं सांगू? सांगितलं होतंच की.

त्या गेल्यावर मॅडम चांदभाईंना म्हणाल्या, “माझं मन म्हणतंय, चक्कर आहे. पण त्या संगणकाने लाखो बघितलेत. मी किती बघितले?”

“मग मनाचं आयका.”

“आणि माझं चुकलं आणि पोरगी सायकलवरून ट्रकखाली गेली, तर?”

चांदभाईंनी माझ्या वाट्या पुसायला घेतल्या.

शाळा उघडायला थोडे दिवस राहिले असताना सुमैरा पुन्हा आली. या खेपेला बापाबरोबर. जहिरा बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. पोरीला रात्रभर जागं ठेवायचं होतं, म्हणून अझहरही तिच्याबरोबर जागला होता. दोघं पत्ते खेळले होते आणि तो सगळे डाव हरला होता. त्याचे डोळे मिरचीसारखे लाल.

योगायोगाने त्या दिवशी गहिनीनाथही आले होते. पाण्यात, ज्वारीत, भाकरीत काहीच सापडलं नव्हतं. म्हणून त्यांना लय प्रत्यक्ष उठताना बघायची होती. त्यांनी मोठ्या संगणकाला थेट जोडून ठेवलं. आजार दिसला की पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका लागायचा. ते आणि मॅडम पडद्यासमोर बसले, पलंगाकडे पाठ करून.

“थोपटा अझहरभाई,” चांदभाई म्हणाले.

अझहर थोपटू लागला. पण तो टेम्पोवाल्याचा हात! त्याला जहिराच्या हातासारखी सबुरी कुठली? भरल्या गाडीचं इंजिन जसं धडधडतं, तसा त्याचा हात. थपथप, थपथप, थपथप. पडद्यावर लाटांची झुंबड उडाली. लाल ठिपका पेटला.

“मॅडम,” गहिनीनाथ कुजबुजले, “लय वाढली! मागच्या वेळेपेक्षा दुप्पट!”

मॅडमचा चेहरा उतरला. मागच्यापेक्षा जास्त म्हणजे आजार वाढला. म्हणजे गोळ्या. म्हणजे सायकल नाही, पाचवी नाही, आणि ते पुसता न येणारं नाव. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी तारांच्या गुंत्यात तडफडत होतो. मित्रांनो, खरं माहीत असून सांगता न येणं यासारखा दुसरा जाच नाही.

आणि मग, हळूहळू, लाटा मंदावल्या. चढावर गाडी दमावी तशा. थप... थप... थप. मग नुसतीच एक अर्धवट लाट. मग नाही. लाल ठिपका विझला.

“वायर निघाली काय?” गहिनीनाथांनी पडद्याला टिचकी मारली.

वायर बघायला म्हणून मॅडम मागे वळल्या. पलंगावर सुमैरा झोपली होती. आणि स्टुलावर अझहरही झोपला होता. हनुवटी छातीवर, तोंड उघडं, हात लेकीच्या पाठीवर तसाच पडलेला, आणि बारीक घोरणं चालू.

“आरं अझहर!” चांदभाईंनी त्याला ढोसलं. “पोरीला झोपवाया आलास का सोता झोपाया?”

“जागा हाय, जागा हाय!” अझहर दचकला आणि डोळे मिटलेलेच ठेवून त्याने हात पुन्हा सुरू केला. थपथप, थपथप.

लाल ठिपका पेटला.

मॅडमनी ठिपक्याकडे बघितलं. हाताकडे बघितलं. पुन्हा ठिपक्याकडे. मला वाटलं, आता, आता, आता!

“अझहरभाई,” त्या हळूच म्हणाल्या, “हात थांबवा.”

“काय चुकलं का मॅडम?”

“थांबवा तर.”

ठिपका विझला.

“आता थोपटा.”

पेटला.

“थांबा. थोपटा. थांबा.”

गहिनीनाथ उठून पलंगाजवळ आले. “डाव्या हाताने बघा,” ते म्हणाले. अझहरने डाव्या हाताने थोपटलं. पेटला. “हळू.” लाटा हळू झाल्या. “जरा जोरात.” लाटा उंच झाल्या.

“साहेब, आता पायानं बी थोपटायला सांगता काय?” चांदभाई म्हणाले.

मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. “आता कुणीच काही करू नका.”

खोलीत कुणी हललं नाही. अझहरचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर. आणि तेव्हा पडद्यावर पहिल्यांदा सुमैराचं स्वतःचं डोकं उमटू लागलं. मोठ्या, संथ लाटा. त्यांच्यामधून अधूनमधून बारीक लाटांची एक एक गुंडी, दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगीर, सूत कातायच्या चातीसारखी. निरोगी मेंदू झोपला की अशा चात्या फिरवतो. मी कितीतरी डोक्यांत त्या ऐकल्यात, पण इतक्या सुरेख नाही. मॅडमनी सगळा आलेख शेवटपर्यंत बघितला. कोपऱ्यातला ठिपका विझलेलाच राहिला.

“चक्करच होती ती,” त्या म्हणाल्या. “ऊन आणि रिकामं पोट.”

अझहर आपल्या तळहाताकडे बघत होता. “म्हंजी मॅडम, मिरगी माझ्या हातात हुती?”

“तुमच्या हातात, जहिराच्या हातात. जामखेडच्या सगळ्या आयांच्या हातात.”

गहिनीनाथ आधी खो खो हसले. इतके, की चष्मा काढावा लागला. मग तो परत नाकावर चढवला. “म्हणजे आमच्याकडे अजून किती पोरांच्या नंबरासमोर हे लाल अक्षर असेल?” ते म्हणाले. आणि भिंतीवरच्या त्या गुलाबी टॉवेलकडे बघत राहिले.

आवाजाने सुमैरा जागी झाली. “झाली पट्टी? सायकल?”

“चालव,” मॅडम म्हणाल्या. “पण खाऊन बसायचं सायकलवर. उपाशी दिसलीस तर मी स्वतः चप्पल हुंगवीन.”

मित्रांनो, इथे मी गोष्ट संपवली असती. पण गहिनीनाथांनी ती संपवू दिली नाही. ते परत गेले आणि त्यांनी लाखोंच्या त्या साठ्यात हात घातला. जिथे जिथे जामखेडची लय होती, तिथे संगणकाला शिकवलं, हा मेंदू नव्हे, ही थाप आहे. हे वेगळं काढ आणि मग बघ. जे काम करायला माणसाची हयात गेली असती, ते त्याने चुटकीसरशी केलं. आलेखामागून आलेख निवळत गेले. नंबर ज्या त्या दवाखान्याला कळवले आणि तिथून कितीतरी घरांना फोन गेले, की घाबरू नका, तुमचं पोर ठणठणीत आहे. दुसऱ्या जिल्ह्यांतल्या आयाही थोपटतात, हेही तेव्हाच कळलं. तिकडे लय कच्ची होती इतकंच. आमच्या चांदभाईंसारखं ताकीद देऊन थोपटून घेणारं कुणी नव्हतं.

सगळे आलेख निवळले. एक सोडून. त्या एका जुन्या आलेखात आईची थाप काढून टाकल्यावर खाली बारीक, टोकदार, खरोखरच्या फेफऱ्याच्या लाटा उरल्या. इतकी वर्षं त्या थापेखाली लपून बसल्या होत्या. नंबर शोधत शोधत शिबिराची वही निघाली, वहीतून राजूर निघालं आणि राजूरच्या वर एका वाडीतून करण निघाला. आता चांगला मोठा झालेला, पण अजूनही बोलता बोलता मध्येच जाणारा. त्याला औषध सुरू झालं. राहीबाई नंतर फोनवर मॅडमना म्हणाली, “आता त्यो कुटं जात न्हाई. हितंच आसतो.” तो कुठे जायचा हे मला इतक्या वर्षांनी कळलं. आणि ते ना मला एकट्याला कळलं असतं, ना त्या बलाढ्य संगणकाला, ना अझहरला. अझहर तर झोपलाच होता.

चांदभाईंचा टॉवेल अजून कॅमेऱ्यावरच आहे. फक्त आता तो दुमडून अर्ध्यावर टाकलेला असतो. बाईचा चेहरा झाकतो आणि हात दाखवतो. आणि प्रत्येक पट्टीच्या मध्ये एकदा मॅडम म्हणतात, “आता हात थांबवा बरं.”

मी आता म्हातारा झालो. माझ्या काही तारा तुटल्या, काही वाट्या गंजल्या. नवा चकचकीत डबा आला आणि मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. माझ्यावर धूळ बसते. चांदभाई आठवण झाली की टॉवेलच्या टोकाने पुसतात, आणि नवीन डब्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, “ह्याची सर न्हाई कुनाला.” तेवढं मला पुरतं.

तुमच्याकडून मात्र एक मागणं आहे. कधी पट्टी काढायची वेळ आलीच तर तेल न लावता या आणि आमच्या तारा ओढू नका. आम्हाला दुखत नाही, पण आमचं ऐकणं बिघडतं. आणि मोठे झाल्यावर कुणी तुम्हाला सांगितलं, की लाखो माणसं बघून मी हे ठरवलंय, तर त्याचं जरूर ऐका. लाखांचं शहाणपण थट्टेवारी न्यायची गोष्ट नाही. फक्त त्याला एवढं विचारा, की तेव्हा पलंगाशेजारी कोण बसलं होतं? कुणाच्या कपाळावर नाव चिकटवण्याआधी एकदा मागे वळून बघा. पडद्याकडे बघणाऱ्याची पाठ नेहमी पलंगाकडे असते.

रोज सकाळी माझ्या खिडकीखालून सायकलची घंटी जाते. ती दोनदा वाजली की चांदभाई विचारतात, “खाल्लंस का गं?” आणि रस्त्यावरून उत्तर येतं, “व्हय, खाल्लं!”

आणि तिकडे शहरात, लाखो डोक्यांच्या त्या साठ्यात, अझहर टेम्पोवाल्याचा हात जपून ठेवलाय. नव्या संगणकांना शिकवायला पहिल्यांदा तोच ऐकवतात, की नीट ऐका, हा आजार नव्हे, हा बाप आहे. थपथप, थपथप, थपथप. सगळी यंत्रं कान देऊन ऐकतात. मग मध्येच तो हात पेंगायला लागतो. आणि खोटं सांगत असेन तर माझी उरलेली तारही तुटू दे, त्या घटकेला तिथली सगळी यंत्रं एकदम जांभई देतात.